आधी फट, मग काच

‘दादी काय म्हनली ते कळलंच नाही मॅडम. मागं नुसता भोंगा वाजतोय.’

चौथीत शिकणाऱ्या एका मुलाचा हा निरोप आमच्या सूनबाईंच्या फोनवर आला, तेव्हा नोव्हेंबर सुरू झाला होता. मुलगा आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला. रात्री कोपीत वडिलांच्या फोनवर त्याने आमच्या दादीची गोष्ट लावली आणि त्याला ती ऐकूच आली नाही. सूनबाईंनी तो निरोप आम्हा सर्वांना ऐकवला. दादी काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, ‘बच्चे को सुनाई नई दिया तो मैं बोली काय कू?’

त्या एका प्रश्नापासून आमच्या घरातल्या खिडकीचे प्रकरण सुरू झाले. या महिन्यात तेच सांगायचे आहे. आजकाल पुष्कळ घरांत कोणी ना कोणी काहीतरी ध्वनिमुद्रित करत असते. कोणी मुलांचे धडे, कोणी नात, कोणी तिलावत, कोणी घरातल्या बुजुर्गांच्या आठवणी. सर्वांची तक्रार एकच असते, बाहेरचा आवाज फार येतो. त्यावर काय करावे, कशावर पैसे घालवू नयेत, हे आम्ही थोडे ठेचकाळत शिकलो. ती ठेच तुम्हाला लागू नये.

आमचे घर माजलगावात. महामार्ग जवळ, आणि दसऱ्यानंतर रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. शेजारी पिठाची गिरणी. सूनबाई जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि काही आई-वडिलांबरोबरच जातात. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी तरी लागते ना!

जी मुले जातात त्यांच्यासाठी सूनबाई आठ-दहा मिनिटांचे धडे बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. एक दिवस मराठी, एक दिवस गणित, आणि गुरुवारी ‘दादीची गोष्ट’. दादी म्हणजे आमच्या अम्मी. वय ऐंशीच्या पुढे. सगळी मुले त्यांना दादी म्हणतात म्हणून आम्हीही तेच म्हणतो. बकरीची, शेख चिल्लीची, विहिरीतल्या जिन्नाची अशा कितीतरी गोष्टी त्यांच्याकडे आहेत. अर्धी मराठी, अर्धी दखनी. त्यातली एकही कुठे लिहिलेली नाही.

सूनबाईंचे म्हणणे असे होते, ‘अब्बा, मूल दोनदा ऐकत नाही. एकदा कळलं नाही की फोन ठेवून देतं. आणि एकदा ठेवला की पुढचा धडाही लावत नाही. मार्चमध्ये परत आल्यावर तेच मूल वाचायला लागलं की अडखळतं, मग शाळेतच यायचं टाळतं.’ म्हणजे प्रश्न नुसत्या आवाजाचा नव्हता.

आमच्या चुका

आम्ही सर्वांनी मिळून आधी चुका केल्या. पहिली चूक अंड्यांच्या ट्रेची. कोणीतरी सांगितले की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज बंद होतो. आम्ही खिडकीवर आणि आजूबाजूला तीसेक ट्रे लावले. खोली बघण्यासारखी झाली, पण गिरणी जशीच्या तशी ऐकू येत राहिली. मग थर्माकोल आणला. तोही बसवला. फरक काहीच नाही. मग जाड पडदा. पडद्याने खोलीतला घुमारा थोडा कमी झाला आणि आम्हाला वाटले काम झाले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेला आणि भ्रम गेला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बाजारात याच्यावरच सर्वाधिक पैसे वाया जातात. खोलीतला घुमणारा आवाज शोषणे हे एक काम आणि बाहेरचा आवाज अडवणे हे अगदी दुसरे काम. गोधडी, गालिचा, पडदा, कापसाची गादी पहिले काम चांगले करतात. रिकाम्या खोलीत बोलल्यावर विहिरीत बोलल्यासारखे जे वाटते ते यांनी कमी होते. पण बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि हवा जाणार नाही अशी बंदिस्ती लागते. थर्माकोलला वजन नाही. अंड्याच्या ट्रेला ना वजन, ना बंदिस्ती. जेथून हवा जाते तेथून आवाज जातो, हे साधे सूत्र आम्हाला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

शेवटी ते सांगितले ते आमच्या ओळखीच्या सुतार मिस्त्रींनी. आम्ही त्यांना काच बदलायला बोलावले होते. पुण्याहून दुहेरी काचेच्या खिडकीचा भाव मागवला होता आणि तो ऐकून घरात शांतता पसरली होती. मिस्त्री आले, खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘चाचा, काच राहू द्या. रात्री दिवे बंद करा, एकाला बाहेर बॅटरी घेऊन उभं करा आणि आत बसून बघा उजेड कुठून येतो ते.’

आम्ही तसे केले. नातू बाहेर उभा राहिला आणि खिडकीच्या चारी कडांनी बॅटरी फिरवली. आत अंधारात बसून आम्ही बघत राहिलो. सरकत्या पल्ल्यांच्या मधून उजेड, खालच्या पट्टीतून उजेड, चौकट आणि भिंत यांच्यामधल्या तड्यातून उजेड. आम्ही ज्या खिडकीला बंद समजत होतो ती कधी बंद झालीच नव्हती.

एक सूत

मिस्त्रींच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. आमची खिडकी चार फूट बाय चार फूट. तिचा घेर सोळा फूट, म्हणजे १९२ इंच. चारी बाजूंनी एक सूत फट धरली तर फटीचे एकूण क्षेत्र होते २४ चौरस इंच. आणि खिडकीचे सगळे क्षेत्र २३०४ चौरस इंच. म्हणजे फट फक्त एक टक्का. नजरेत भरत नाही इतकी.

पण आवाजाचा हिशेब वेगळा आहे. एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीच्या नव्व्याण्णव टक्क्यांत तुम्ही कितीही भारी काच बसवा, तरी ती खिडकी सुमारे २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. साधी ४ मिलिमीटरची एकेरी काच नीट बंद असेल तर सुमारे २९ डेसिबल अडवते. आणि आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. याचा अर्थ असा की आमच्या घरी जी साधी काच आधीपासून होती, तिचेच अर्धे काम ती एक सूत फट वाया घालवत होती. पुण्याची महागडी काच त्याच फटींत बसवली असती, तर तिचेही तेच झाले असते.

त्या तुलनेत नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती तर पुष्कळच अडवतात. म्हणून भिंतीला काही चिकटवत बसण्यात अर्थ नाही. आवाज येतो तो खिडकीतून आणि दारातून.

फट शोधायला बॅटरीशिवाय आणखी दोन उपाय आहेत. वारा असताना पेटलेली अगरबत्ती कडेने फिरवा, धूर जेथे वाकडा होतो तेथे फट आहे. मात्र पडदा आधी बाजूला करा. आणि जो पल्ला दाबून बंद होतो त्याच्यात कागदाची पट्टी धरून पल्ला बंद करा. कागद सहज ओढून निघाला तर तेथे दाब नाही.

काय केले

पहिल्या रविवारी चौकट आणि भिंत यांच्यामधले तडे खरवडून साफ केले आणि ते सिलिकॉनने भरले. मोठा खड्डा होता तेथे आधी सिमेंट. धूळ न झाडता सिलिकॉन मारला तर तो महिन्याभरात सुटतो, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून जागा वाळू दिली.

मग पल्ले. आमची खिडकी सरकती, अ‍ॅल्युमिनियमची. ही खिडकी आवाजाच्या बाबतीत सर्वांत कच्ची असते. पल्ला सरकायला मोकळी जागा लागते आणि त्या जागेत केसांच्या ब्रशसारखी पट्टी असते. ती धूळ अडवते, हवा पूर्ण अडवत नाही. दारासारखा उघडणारा पल्ला रबरावर दाबून बसतो, म्हणून तो चांगला. कोणी नवे घर बांधत असेल, तर ज्या खोलीत अभ्यास, नमाज किंवा आजारी माणसाची झोप व्हायची आहे, तेथे सरकती खिडकी न लावता बाहेर उघडणारी आणि रबराची पट्टी असलेली लावा. मागून बदलणे महाग पडते.

आम्ही झिजलेल्या ब्रशपट्ट्या बदलल्या. खालच्या पट्टीतली पाणी जायची भोके मात्र बुजवली नाहीत. ती बुजवली तर पावसाळ्यात पाणी खोलीत येते. ही चूक आम्ही करणारच होतो, मिस्त्रींनी हात धरला.

एवढ्यावर गिरणीचा आवाज बराच उतरला. ट्रॅक्टरची घरघर राहिली. ती जाड आवाजाची असते आणि जाड आवाज अडवायला वजनच लागते.

येथे दुहेरी काचेबद्दल थोडे. बाजारात जी तयार दुहेरी काच मिळते, ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये अर्ध्या इंचाची पोकळी, ती ऊन आणि थंडी अडवायला बनवलेली असते. आवाजाच्या बाबतीत ती एकेरी काचेपेक्षा फारशी पुढे नाही, एक-दोन डेसिबलच. कारण मधली थोडी हवा स्प्रिंगसारखी वागते आणि दोन्ही काचा मिळून एका विशिष्ट सुराला उलट साथ देतात. अर्ध्या इंचाच्या पोकळीत हा सूर सेकंदाला सुमारे २४५ कंपनांचा, म्हणजे बायकांच्या बोलण्याच्या सुराजवळच येतो. पोकळी चार इंच केली तर तोच सूर ८५ च्या आसपास खाली जातो आणि बोलण्यातला बहुतेक भाग वाचतो. म्हणून आवाजासाठी जुनी खिडकी आहे तशी ठेवून तिच्या आत, भिंतीच्या आतल्या कडेला, दुसरी खिडकी बसवणे चांगले. मधले अंतर चार इंच किंवा जास्त. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात, एक ४ ची तर दुसरी ६ ची, म्हणजे दोघींची कमजोरी एकाच सुरावर येत नाही. अशी जोडी नीट बंद केली तर ४० डेसिबलच्या वर अडवते. रेडिओच्या स्टुडिओत बोलणारा आणि यंत्रावर बसणारा यांच्यामध्ये जी मोठी खिडकी असते, तीही याच तत्त्वाने बनवतात.

आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते आणि उजेडाची गरजही नव्हती. बोलताना दिवा लावता येतो. म्हणून मिस्त्रींनी काचेऐवजी १८ मिलिमीटरच्या प्लायची झाकणी केली. सबंध झाकणी सतरा-अठरा किलोची झाली असती, ती सूनबाईंना एकटीने उचलता आली नसती. म्हणून उभे दोन भाग केले, प्रत्येकी चार फूट उंच आणि दोन फूट रुंद. दोघांच्या मधल्या कडेला खाच, म्हणजे एक दुसऱ्यावर चढतो आणि फट राहत नाही. भिंतीच्या आतल्या कडेला लाकडी चौकट, तिच्यावर मऊ रबराची पट्टी, आणि फिरवून घट्ट दाबणाऱ्या लाकडी पट्ट्या. काच आणि झाकणी यांच्यामध्ये पाच इंच पोकळी आली. त्या पोकळीच्या कडांना जुन्या गोधडीच्या घड्या ठोकल्या. दाराखाली रबराची पट्टी. बस्स.

फोनवर डेसिबल दाखवणारे अ‍ॅप असते. त्याचा आकडा खरा मानू नका, पण आधी किती आणि नंतर किती एवढी तुलना करायला ते चालते.

बिनपैशाचा उपाय

झाकणीपेक्षा स्वस्त एक उपाय होता आणि तो आम्हाला सर्वांत शेवटी सुचला. सूनबाई फोन टेबलावर ठेवून हातभर लांबून बोलत असत. तोच फोन तोंडापासून वीतभर आणला, म्हणजे अंतर निम्मे केले, तर बोलणाऱ्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि बाहेरचा होता तेवढाच राहतो. त्यात पंखा बंद करायचा, आणि खोलीत चार गोधड्या टांगायच्या. फोन अगदी नाकासमोर नको, जरा बाजूला धरावा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसते.

हे काही नवे नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहर जान यांचे गाणे कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी मुद्रित केले, तेही एका हॉटेलच्या खोलीत. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यासमोर अगदी जवळ तोंड धरून मोठ्याने गायचे. जवळ येणे हीच तेव्हाची युक्ती होती, आजही आहे.

दादी बोलेना

सगळे झाले आणि गुरुवार आला. दादीला खोलीत बसवले, झाकणी लावली, दार लावले, पंखा बंद केला. सूनबाई म्हणाल्या, ‘दादीजान, बोला.’

दादी गप्प. दोन मिनिटांनी म्हणाली, ‘बेटा, इत्ता बंद नक्को. कबर में बैठे सरीका लगताय. बच्चे किधर हैं? मैं दीवार से बातां करूं क्या?’

आम्ही झाकणी काढली. दादीला पाणी दिले. त्या गुरुवारी गोष्ट गेली नाही.

खरे सांगायचे तर आम्हाला वाईट वाटले. इतके दिवस आम्ही बाहेरच्या आवाजाचाच विचार करत होतो. जिचा आवाज घ्यायचा तिला विचारलेच नव्हते. म्हाताऱ्या माणसाला बंद, अंधाऱ्या, उकाड्याच्या खोलीत बसवणे बरोबरही नाही. दहा बाय दहाच्या बंद खोलीत दोन माणसे बसली की हवा लवकर जड होते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तर असली खोली धोक्याचीच. म्हणून आम्ही घरात नियम केला. वीस मिनिटांपेक्षा जास्त बंद ठेवायचे नाही. मग दार-खिडकी उघडून मोकळी हवा घ्यायची. झाकणी आतून, किल्लीशिवाय, एका हाताने निघाली पाहिजे. आणि ज्या खोलीत गॅस किंवा शेगडी आहे तेथे असले काही करायचे नाही.

दादीसाठी वेगळा मार्ग निघाला. आठवडाभर आम्ही वहीत लिहिले, रस्त्यावर कधी कसला आवाज असतो ते. गिरणी नऊला सुरू. शाळेच्या रिक्षा दहाला. दुपारी भाजीवाल्याचा भोंगा. लग्नसराईत संध्याकाळी डीजे. ट्रॅक्टर दिवसरात्र, पण फजरच्या नमाजनंतरचा अर्धा-पाऊण तास आमच्या रस्त्यावर सर्वांत शांत निघाला. दादी त्या वेळी जागीच असते आणि तिचा आवाजही तेव्हा मोकळा असतो. आता ती नमाज झाली की बाजेवर बसते. खिडकी नुसती लावलेली, झाकणी नाही. समोर धाकटा नातू, डोळे चोळत. दादी त्याला गोष्ट सांगते आणि फोन वीतभर अंतरावर चालू असतो. फटी बुजवल्या आहेत, वेळ शांत आहे, तेवढे पुरते. झाकणी सूनबाईंच्या धड्यांसाठी राहिली, कारण त्यांना शाळेतून आल्यावर संध्याकाळीच वेळ मिळतो.

आणि अजान झाली की आम्ही मुद्रण थांबवतो, संपली की पुढे बोलतो. तिला अडवायचा विचार नाही, धड्याचा शब्द तुटू नये एवढेच.

शेजाऱ्याचा हक्क

आवाज जसा आत येतो तसा बाहेरही जातो. सूनबाई एकच वाक्य पाच-पाच वेळा म्हणत, तेव्हा पलीकडच्या घरातली परीक्षेला बसलेली मुलगी कान झाकून बसायची, हे आम्हाला नंतर कळले. फट बुजवल्याने तिलाही आराम झाला.

ध्वनी प्रदूषणाचे नियम सन २००० पासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे नियम सर्वांना सारखे आहेत, डीजेवाल्याला तसेच आपल्यालाही. नियम माहीत असावेत. पण गिरणीवाल्या भाऊंकडे आम्ही नियम घेऊन गेलो नाही. सूनबाईंनी त्यांना त्या मुलाचा निरोप ऐकवला. त्यांची स्वतःची बहीण ऊसतोडीला जाते. ते म्हणाले, ‘ताई, गुरुवारी सांजच्याला अर्धा तास बंद ठेवीन, फक्त आधी सांगत जा.’ त्या अर्ध्या तासाने जे काम केले ते कोणत्याही काचेने केले नसते.

पुरेसे म्हणजे किती

आमच्या खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणतो ते थट्टेने. ट्रॅक्टर अजूनही थोडा ऐकू येतो. पण शब्द कळतो. आमच्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

याच माजलगावात १९९६ साली भीमनगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या आता ‘पारी’ या संस्थेकडे जतन आहेत. त्यासाठी बायकांना कोणी स्टुडिओत नेले नाही. जेथे बाया होत्या तेथे मुद्रण गेले. कोणी चांगल्या खोलीची वाट बघत बसले असते, तर त्यातल्या किती जणींचा आवाज आज राहिला असता? घरात बुजुर्ग असतील, तर खिडकी दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. आज फजरनंतर फोन जवळ धरा. खिडकीचे पुढच्या रविवारी बघू.

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा. आधी वेळ शोधा आणि फोन जवळ घ्या, याला पैसे लागत नाहीत. मग फटी बुजवा, खिडकीच्या आणि दाराच्याही. मग खोलीत गोधड्या टांगा. एवढ्याने भागले नाही तर आतून जड झाकणी किंवा चार इंचांवर दुसरी काच. खिडकी बदलणे सर्वांत शेवटी.

आता त्या मुलाचे. डिसेंबरात त्याला नवी गोष्ट गेली, विहिरीतल्या जिन्नाची. दोन दिवसांनी त्याने उत्तर पाठवले. या वेळी त्याने स्वतःच एक गोष्ट सांगितली होती, दादीसाठी. पण आम्हाला ती कळेना. मागे इंजिन, माणसांची ओरड, कुत्री, कोणाचे तरी लहान मूल रडत होते. उसाच्या पाचटाच्या त्या कोपीला ना खिडकी, ना दार. बुजवायला फट कुठली?

सूनबाईंनी त्याला निरोप पाठवला, ‘बाळा, डोक्यावरून गोधडी घे आणि फोन वीतभर लांब धर. मग बोल.’

गोधडीतून आलेली गोष्ट आम्ही फजरनंतर लावली. ट्रॅक्टर होताच मागे, पण शब्द न् शब्द कळत होता. एका उंदराची गोष्ट होती. त्याचे बिळ नांगरात गेले म्हणून तो घर शोधत फिरत होता. दादीने ती दोनदा ऐकली. मग म्हणाली, ‘इसका जवाब आजीच बोलूंगी. फोन ला.’

तुमच्या घरात कोणाचा आवाज राहून गेला आहे, आणि तुम्ही तो कसा टिपला, ते आम्हाला जरूर लिहा. चांगली युक्ती असेल तर इन्शाअल्लाह पुढच्या अंकात सर्वांना सांगू.